सोसायटीच्या पाण्याच्या मोटरला रिमोट बसवताना

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मोटरचा स्टार्टर तळमजल्यावर जिन्याखाली आणि टाकी चार मजले वर, गच्चीवर. टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून धो-धो पाणी सांडायचं, कुणीतरी गॅलरीतून "काका, मोटर!" असं ओरडायचं आणि वॉचमनकाका धावायचे. काका गावी गेले की ओरडणाऱ्यालाच खाली जावं लागायचं, त्यामुळे त्या दिवसांत ओरडणारेही कमी व्हायचे. शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, रिमोट बसवायचा.

बसवला, महिन्याभरात त्याच्यापायी मोटर जळता जळता वाचली, मग पुन्हा नीट बसवला. त्यानंतर आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांत वायरमनबरोबर उभं राहून तेच काम करून घेतलं. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. तारा जोडायचं काम परवाना असलेल्या वायरमननेच करायचं, पण त्याने काय केलं पाहिजे हे आपल्याला माहीत असलेलं बरं. रिमोटचा धंदा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि खाली नेमकं काय चाललंय ते वरच्याला दिसत नाही.

पूर्ण ऑटोमॅटिक पॅनेलच लावा, रिमोट कशाला, असं सांगणारे भेटतील. ज्यांच्याकडे पाणी भरपूर आहे त्यांनी खुशाल लावावं. आमच्याकडे नळाला पाणी कमी आलं, टँकर आला, एखाद्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवला, असं रोज काहीतरी असतं. किती वाजता किती चढवायचं हे माणूसच ठरवतो. त्याला खाली उतरावं लागू नये, एवढीच रिमोटकडून अपेक्षा.

एक गोष्ट सगळ्यात आधी पक्की करा. रिमोट म्हणजे फक्त लांब केलेलं बोट. स्टार्टरचं हिरवं बटण दाबणं आणि लाल बटण दाबणं, याहून जास्त काम त्याला द्यायचं नाही. ओव्हरलोड झाला तर तोडणं, हौद रिकामा झाला तर थांबवणं, एक फेज गेली तर बंद करणं ही कामं आधी स्टार्टर, फ्लोट आणि फेज प्रिव्हेंटर करत होते, पुढेही त्यांनीच करायची. रिमोट बसवताना यातली एकही तार "सध्या बायपास करू" म्हणून सोडवली जात असेल तर काम तिथेच थांबवा.

खरेदी

दुकानात दोन वस्तू मिळतात: खिशातला रिमोट आणि भिंतीवरचा रिसीव्हर. रिसीव्हरमध्ये एक, दोन किंवा चार रिले, म्हणजे विजेने चालणारे छोटे स्विच, असतात. मोटरसाठी दोन रिलेचा लागतो, एक सुरू करायला आणि एक बंद करायला. एकाच बटणावर चालू-बंद करणारा एक रिलेचा स्वस्त सेट घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

फ्रिक्वेन्सी पाहून घ्या. बाजारातले बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झचे असतात. भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा इमारतीच्या आत वापरायच्या अगदी कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे, मर्यादा १० मिलिवॅटची. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टाही असाच खुला आहे. ३१५ मेगाहर्ट्झचे रिमोट अमेरिकेच्या बाजारासाठी बनतात आणि इथेही येऊन पडतात, ते टाळा. 'तीन किलोमीटर रेंज' असं लिहिलेल्या खोक्यालाही हात लावू नका. आपल्याला चार मजले हवेत, चार गावं नकोत.

मग कोडचा प्रकार. जुन्या पद्धतीच्या पीटी-२२६२ चिपमध्ये आठ पिना वर, खाली किंवा मोकळ्या ठेवून कोड ठरतो. असे एकूण ६,५६१ कोड होतात. ईव्ही-१५२७ प्रकारात २० बिटांचा कोड कारखान्यातूनच येतो आणि रिसीव्हर तो शिकून घेतो. इथे दहा लाखांवर कोड आहेत, त्यामुळे शेजारच्या सोसायटीच्या रिमोटने आपली मोटर सुरू होण्याची भीती जवळपास राहत नाही. पण दोन्हींत कोड कायम तोच असतो, म्हणून चावीवाल्याकडे अशा रिमोटची नक्कल दोन मिनिटांत निघते. पाण्याच्या मोटरला हे चालून जातं. मुख्य गेटला चालत नाही. गेटला दर दाबाला कोड बदलणारा, रोलिंग कोडचा रिमोटच हवा.

रिमोटच्या बटणांवर सरकतं झाकण असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे जास्त पैसे मोजा. आमच्या एका सभासदाचा रिमोट ड्रॉवरमध्ये जाड डायरीखाली हिरव्या बटणावर दाबला गेला. बटण दाबलेलं असेपर्यंत रिमोट बोलत राहतो, त्यामुळे तासभर बिल्डिंगमधला दुसरा एकही रिमोट चालेना. खाली काका लाल बटण दाबत होते, मोटर थांबत होती आणि बोट उचललं की पुन्हा सुरू होत होती. एमसीबी पाडला तेव्हा कुठे थांबली.

रिसीव्हरच्या रिलेवर मोटर टाकायची नाही

रिसीव्हरवरच्या रिलेवर '१० अँपिअर २५० व्होल्ट' असं छापलेलं असतं. एक एचपीची सिंगल फेज मोटर सहा-सात अँपिअर घेते. मग हरकत काय, असा हिशोब सगळेच करतात. हरकत ही की तो दहाचा आकडा हीटर किंवा बल्बसारख्या सरळ लोडसाठी असतो. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. म्हणजे तीस-चाळीस अँपिअर. रिलेचे छोटे कॉन्टॅक्ट त्या ठिणगीत वितळतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटून बसतात. मग रिमोट बंद म्हणतो, रिलेही खट् करतो, आणि मोटर चालूच.

म्हणून मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट झेपणारा, विजेने चालणारा मोठा स्विच, हवाच. थ्री फेज मोटर असेल तर डीओएल (मोटर थेट लाईनवर टाकणाऱ्या) स्टार्टरमध्ये तो आधीपासून असतो. सिंगल फेजवाल्यांकडे पुष्कळदा नुसता एमसीबी किंवा खटका असतो, तिथे हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर आधी बसवून घ्या, मग रिमोटचं बघा. कॉन्टॅक्टरवर दोन रेटिंग छापलेली असतात, एसी-१ आणि एसी-३. मोटरसाठी एसी-३ चा आकडा वाचायचा. एक एचपी सिंगल फेजला मी एसी-३ चा १२ अँपिअरचा घ्यायला सांगतो. ९ चा चालतो, पण उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलं की त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

कॉइलचा आकडा वाचा

ही पायरी वायरमनही विसरतात. स्टार्टरचं झाकण उघडून कॉन्टॅक्टर ओढणाऱ्या कॉइलवरचं व्होल्टेज वाचा. २४० असेल तर पुढे जा. आपल्याकडच्या बऱ्याच थ्री फेज स्टार्टरमध्ये कॉइल ४१५ व्होल्टची असते, दोन फेजच्या मधे जोडलेली. रिसीव्हरचा रिले २५० व्होल्टचा. त्याच्या पट्टीत ४१५ नेऊन जोडलं तर काही दिवस चालेलही, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या दमट सकाळी बोर्डावर काळा डाग दिसेल. अशा वेळी कॉइल बदलून २४० ची करायची आणि स्टार्टरपर्यंत न्यूट्रल आणायचा, किंवा मधे ४१५ व्होल्ट झेपणारा एक मदतनीस कॉन्टॅक्टर टाकायचा. कॉइल बदलली तर फेज प्रिव्हेंटर आहे ना, तेही बघा. नव्या कॉइलला एकच फेज पुरतो. बाकी दोनपैकी एखादा गेला तरी ती सुटणार नाही, आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत राहील.

जोडणी

स्टार्टरच्या आतला कंट्रोलचा मार्ग एका रांगेत वाचा. फेज आधी ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ नंबरच्या टर्मिनलांमधून जातो. मग लाल बटण, जे नेहमी जोडलेलं असतं आणि दाबलं की तुटतं. मग हिरवं बटण, जे नेहमी तुटलेलं असतं आणि दाबलं की जुळतं. तिथून कॉइलच्या ए-१ वर, आणि ए-२ वरून न्यूट्रल. हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचाच १३-१४ हा कॉन्टॅक्ट असतो. कॉन्टॅक्टर एकदा ओढला की १३-१४ जुळतो आणि बोट काढलं तरी स्टार्टर स्वतःला धरून ठेवतो. लाईट गेली की धरणं सुटतं आणि लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. या सगळ्या रचनेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आता रिमोट. रिसीव्हरच्या प्रत्येक रिलेला तीन टर्मिनल असतात: कॉम (सामाईक), एनओ (नेहमी तुटलेलं) आणि एनसी (नेहमी जुळलेलं). पहिल्या रिलेचे कॉम आणि एनओ हिरव्या बटणाला समांतर, म्हणजे १३-१४ वरच जोडायचे. दुसऱ्या रिलेचे कॉम आणि एनसी लाल बटणाच्या पुढे, त्याच रांगेत मालिकेत घालायचे. फ्लोट स्विच आणि फेज प्रिव्हेंटरचे कॉन्टॅक्टही त्याच मालिकेत राहू द्या. एकूण चार तारा स्टार्टरबाहेर येतात. त्यांवर २४० व्होल्ट असतात, त्यामुळे टेलिफोनची किंवा बेलची तार वापरायची नाही. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि केसिंग पट्टी, एवढं हवंच.

याची एक उणी बाजूही माहीत असू द्या. रिसीव्हर मेला तर एनसी जुळलेलाच राहतो. मोटर हाताने नेहमीसारखी चालते, हे चांगलं. पण रिमोटने बंद होणार नाही. म्हणून रिमोटचं लाल बटण ही सोय समजायची, आपत्कालीन स्विच नव्हे.

रिले खटका मोडवर की बटण मोडवर

इथे आमची मोटर जळता जळता वाचली. पहिल्या वायरमनने एकच रिले वापरला होता, तोही टॉगलवर: एकदा दाबलं की रिले चालू, पुन्हा दाबलं की बंद. आणि तो जोडला होता हिरव्या बटणाला समांतर. दुपारी लाईट गेली. रिसीव्हर आपली आधीची अवस्था लक्षात ठेवणारा होता. तासाभराने लाईट आली तेव्हा रिले चालू, मोटर चालू, हौदात पाणी नाही आणि सगळे झोपलेले. पंपाचं मेकॅनिकल सील गेलं. शेवटी वासावरून कळलं.

दोन्ही रिले मोमेंटरी मोडवरच हवेत, म्हणजे रिमोटचं बटण दाबलेलं असेपर्यंत रिले ओढलेला, सोडलं की सुटलेला. बऱ्याच रिसीव्हरवर एक छोटं शिकवण्याचं बटण असतं. ते किती वेळा दाबलं यावर मोड ठरतो, आणि आठ वेळा दाबलं की आधी शिकवलेलं सगळं पुसलं जातं. एकदा दाबून मोमेंटरी हा प्रकार सर्रास दिसतो, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं. सोबतचा कागद फेकू नका, पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. रिमोट हरवला तर याचाच उपयोग होतो: सगळे कोड पुसायचे आणि हातात असलेले रिमोट पुन्हा शिकवायचे.

रिसीव्हर कुठे लावायचा

पत्र्याच्या पॅनेलच्या आत तर मुळीच नको. पत्रा लहरी अडवतो, मग सगळे म्हणतात रिमोट डुप्लिकेट आहे. पॅनेलच्या बाहेर प्लॅस्टिकच्या बंद डबीत लावा. तारांसाठी भोक डबीच्या खालच्या बाजूला, ग्लँड लावून. वरून भोक पाडलं तर पाणी जातं, आणि ग्लँड नसेल तर पाल जाते. पाल गेलेल्या रिसीव्हरचं काय होतं हे सविस्तर लिहीत नाही.

अँटेना सरळ उभी ठेवा. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा भाग १७.३ सेंटिमीटर येतो, तेवढी एक तार असते. दिसायला बरी नाही म्हणून ती गुंडाळून डबीत कोंबली की रेंज निम्म्यावर येते. स्वस्त एलईडी ड्रायव्हरही गोंगाट करतात. रिसीव्हरच्या शेजारीच जिन्याचा दिवा असेल तर तो बंद करून एकदा रिमोट तपासा.

भोकं पाडण्याआधी रेंजची चाचणी करा. रिसीव्हर नुसता ॲडॉप्टरवर चालू करून भिंतीला टेपने चिकटवायचा, खाली एकाने फोन कानाला लावून उभं राहायचं. मी चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून दाबत होतो आणि खालून पुतण्या सांगत होता, "आला खट्... आला... नाही आला." तो 'नाही आला' फ्रिजच्या मागे उभा राहिल्यावरचा होता. आरसीसीचे स्लॅब, पाण्याची टाकी, लोखंडी दारं यांच्या आड लहर मंदावते. दहापैकी दहा वेळा खट् येत नसेल तर रिसीव्हर दोन-तीन फूट वर किंवा जिन्याच्या मोकळ्या बाजूला सरकवा. तरीही नाही जमलं तर सुपरहेटरोडाईन प्रकारचा रिसीव्हर घ्या. तो किंचित महाग पडतो पण कान तिखट असतो.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर एक आरसी स्नबर लावून घ्या, ०.१ मायक्रोफॅराड आणि १०० ओहम, एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर असलेला. कॉइल सुटताना जो झटका बसतो तो यात विरतो. हा नसला की रिसीव्हर मधेच गोठतो, आणि मग त्याचा एमसीबी पाडून परत लावावा लागतो.

मोटर न जोडता तपासणी

मुख्य एमसीबी पाडा, टेस्टरवर भरवसा न ठेवता मल्टिमीटरने पाहा, आणि स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तारा सोडवून त्यांची टोकं टेपने झाका. मग एमसीबी वर.

रिमोटचं हिरवं दाबा, कॉन्टॅक्टर ओढला पाहिजे. सोडा, ओढलेलाच राहिला पाहिजे. आता हाताने स्टार्टरचं लाल बटण दाबून सोडा. कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे आणि सुटलेलाच राहिला पाहिजे. इथे तो पुन्हा ओढला गेला तर रिले चुकीच्या मोडवर आहे, पुढे जाऊ नका. पुन्हा सुरू करून रिमोटचं लाल दाबा. पुन्हा सुरू करून एमसीबी पाडा, दहा सेकंद थांबून वर करा: शांतता हवी. मग फ्लोट हौद रिकामा असल्यासारखा धरा आणि रिमोटचं हिरवं दाबून ठेवा. कॉन्टॅक्टर जागचा हलता कामा नये. शेवटी ओव्हरलोड रिलेवरचं टेस्टचं बटण दाबून तोही तोडतो ना ते बघा. सगळं जमलं की मोटरच्या तारा होत्या तशाच फेजला जोडा. दोन फेजची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते आणि पाणी चढत नाही.

मोटर खरंच चालू झाली का

साधा रिमोट बोलतो, ऐकत नाही. त्याच्यावरचा लाल दिवा पेटला याचा अर्थ एवढाच की सेलमध्ये जीव आहे. खाली मोटर सुरू झाली की नाही हे त्याला माहीत नसतं. आम्ही मोटरच्या फेजवरून एक हिरवा इंडिकेटर दिवा काढून जिन्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावला. गॅलरीतून वाकलं की दिसतो. दिवा कॉन्टॅक्टरच्या पुढच्या, मोटरकडच्या बाजूने जोडायचा. कॉइलवरून जोडला तर कॉइल ओढली एवढंच कळतं, कॉन्टॅक्ट जुळले की नाही ते कळत नाही.

दुसरी जोड टायमरची. आमची टाकी चाळीस मिनिटांत भरते, म्हणून पन्नास मिनिटांनी कॉन्टॅक्टर सोडणारा टायमर त्याच मालिकेत टाकला. रिमोट दाबून लोक भाजीला जातात, हे मीटिंगमध्ये कुणीही कबूल करत नाही.

रिमोट चार केले: काका, सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरचे आजोबा आणि एक जादा. प्रत्येकाच्या घरी एक द्यायचा आग्रह झाला होता, तो मोडून काढावा लागला. बारा माणसं एकाच मोटरला हुकूम देऊ लागली की एकाने बंद केलेली दुसरा पाचव्या मिनिटाला सुरू करतो. सेल बहुधा १२ व्होल्टचा, २३-ए किंवा २७-ए. रेंज हळूहळू कमी होऊ लागली की आधी सेल बदला, वायरमनला नंतर फोन करा.

पंपावर किंवा टाकीत काम करायला कुणी उतरणार असेल तर मात्र रिमोट गोळा करून ठेवणं पुरेसं नाही. एमसीबी पाडायचा, पॅनेलला कुलूप लावायचं आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात.

हाच सेट गेटला, शटरला, आणखी कशाला लावू का, असं विचारतात. दुकानाचं मोटराईज्ड शटर डोळ्यांसमोर असेल तेव्हाच दाबायचं, जिन्यातून उतरता उतरता नाही. सरकत्या गेटला रोलिंग कोड आणि मधे माणूस आला तर थांबवणारा फोटोसेल, दोन्ही हवेत. लिफ्ट, अग्निशमनाचा पंप आणि बांधकामावरचा हॉइस्ट यांच्या जवळही हा रिमोट न्यायचा नाही. क्रेनचे औद्योगिक रिमोट सतत संपर्कात असतात, संपर्क तुटला की यंत्र थांबतं. आपल्या हजारभर रुपयांच्या डबीला ते येत नाही.

काका आता गावाला जाताना त्यांचा रिमोट माझ्याकडे देऊन जातात. गॅलरीतून ओरडणं मात्र बंद झालेलं नाही. परवाच खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो, हिरवा दिवा लागलाय, कुणी सुरू केलीय मोटर?"